रुई नेमकी कोणती? जायगँशिया आणि प्रोसेरा वेगळ्या ओळखण्याची पद्धत

पांढरी फुले म्हणजे मांदार आणि जांभळी फुले म्हणजे रुई, हे गणित आपल्याकडे इतके पक्के बसले आहे की वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही प्रकल्पाच्या वहीत तसेच लिहून मोकळे होतात. हे गणित चुकीचे आहे. आपल्या आसपास रुईच्या दोन जाती वाढतात: कॅलोट्रॉपिस जायगँशिया आणि कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. यांपैकी जायगँशिया एकटीच जांभळ्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही रंगांत फुलते. गणपतीला वाहायला ज्या पांढऱ्या मांदाराची फुले आपण शोधत फिरतो, तो बहुतेक वेळा जायगँशियाचाच पांढरा प्रकार असतो. जात तीच, रंग तेवढा निराळा. खरी दुसरी जात म्हणजे प्रोसेरा. ती समोर उभी असली तरी ‘रुईच आहे ही’ म्हणून आपण पुढे निघून जातो.

मांदार हा शब्द कुठे पांढऱ्या जायगँशियाला वापरतात, कुठे प्रोसेराला, तर कुठे सरसकट दोन्हींना. म्हणून या लेखात मी गावठी नावे बाजूला ठेवून फक्त जायगँशिया आणि प्रोसेरा हीच नावे वापरणार आहे. नोंद करताना तुम्हीही तेच करा. स्थानिक नाव जरूर टिपा, पण जात त्यावरून ठरवू नका.

पुढे दिलेला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. कळी, पाकळ्या, मग फुलाच्या मधला मुकुट, आणि पान व फळ सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. आधी पान बघतात, मग रंग बघतात आणि तिथेच निर्णय देतात. सगळी गडबड तिथे होते.

## आधी चिकाबद्दल

दोन्ही जातींचे पान, देठ किंवा फूल, काहीही तोडले की लगेच दुधासारखा पांढरा चीक वाहतो. हा चीक विषारी आहे. हाताला लागला तर काहींच्या त्वचेची आग होते, पण खरा धोका डोळ्याला आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला की प्रत्येक वेळी जोरात दुखतेच असे नाही. कधी नुसते धुरकट दिसू लागते, उजेड सहन होत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. तेवढ्यात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होत राहते.

इशारा: चीक डोळ्यात गेला तर जागच्या जागी स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. सकाळपर्यंत वाट पाहू नका. डोळा चोळू नका आणि घरातले जुने थेंब घालू नका.

लहान मुले बरोबर असतील तर फूल तुम्ही तोडा, त्यांना फक्त बघू द्या. कळ्या बोटांनी दाबून फोडण्याचा मोह मुलांना फार होतो आणि चिकाचा शिंतोडा नेमका वर उडतो.

## तयारी

सामान फार लागत नाही:

- 10 पट मोठे दाखवणारे भिंग. हे नसेल तर मुकुटाची पायरी नीट होणार नाही, म्हणून हे आधी मिळवा.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली लहान पट्टी.
- दाढीचे नवे ब्लेड आणि बारीक टोकाचा चिमटा.
- काळा किंवा गडद निळा कागद. पांढरट फुलांचे भाग त्यावर उठून दिसतात.
- टिपकागद किंवा जुने वर्तमानपत्र, चीक टिपायला.
- पातळ हातमोजे आणि साधा चष्मा किंवा गॉगल. हातमोजे नसले तर फणस चिरताना लावतो तसे बोटांना खोबरेल तेल चोळा. चीक चिकटून बसत नाही, धुताना लवकर सुटतो.
- पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त एक लिटर पाणी आणि साबणाची वडी.
- वही, पेन्सिल आणि फोन.

रुई जवळजवळ वर्षभर कुठे ना कुठे फुललेली सापडते. शिकण्यासाठी मात्र हिवाळा ओसरल्यापासून मेपर्यंतचे दिवस निवडा. रथसप्तमीला अर्काची, म्हणजे रुईची, पाने शोधायला बाहेर पडता, तेव्हाच भिंग खिशात टाका. या काळात एकाच झाडावर कळ्या, उमललेली फुले आणि बऱ्याचदा फळेही मिळतात.

वेळ सकाळची ठेवा. दुपारच्या उन्हात पांढरट फुले फोटोत चुन्यासारखी दिसतात आणि पाकळ्यांच्या कडा हरवतात.

तपासा: झाडावर पूर्ण उमललेली निदान पाच फुले आणि न उमललेल्या कळ्या आहेत ना? नसतील तर दुसरे झाड शोधा. अर्धवट सामग्रीवर शिकायला बसू नका.

## टप्पा 1: जागा टिपा, निर्णय देऊ नका

आधी जागा लिहून घ्या: गाव, समुद्रसपाटी की पठार, रस्त्याकडेची मुरमाड जमीन की नाल्याकाठ. कोकणात आणि गोव्यात, विशेषतः किनाऱ्यालगत, भेटणारी रुई बहुतेक जायगँशिया असते. खानदेश, मराठवाडा, विदर्भ अशा कोरड्या भागात प्रोसेराची गाठ पडण्याची शक्यता वाढते. पुणे आणि अहिल्यानगरच्या बाजूला दोन्ही भेटतात, कधी एकाच रस्त्यावर. दुबई-मस्कतकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना वाळवंटात जी रुई दिसते ती प्रोसेरा. अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातली तीच मूळ रहिवासी आहे.

जागेचा उपयोग इतकाच, की काय भेटू शकते याची कल्पना येते. ‘कोकणातली आहे, म्हणजे जायगँशियाच’ असे लिहू नका. बियांना रेशमी तंतू असतात. आपण लहानपणी जिच्यामागे धावत होतो ती म्हातारी हीच. ती वाऱ्यावर कुठेही जाऊन पडते आणि वाळू-मुरमाच्या ट्रकबरोबरही बी प्रवास करते.

झाडाच्या उंचीकडेही या टप्प्यावर लक्ष देऊ नका. गटारकाठी वाढलेली प्रोसेरा डोक्याच्या वर जाते आणि खडकात अडकलेली जायगँशिया गुडघ्याएवढी राहते.

## टप्पा 2: कळीचा आकार

फुलांच्या गुच्छात उमलायच्या बेतात असलेली, पूर्ण वाढलेली कळी शोधा. अगदी लहान, हिरव्या, घट्ट कळ्या दोन्ही जातींत सारख्याच दिसतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

जायगँशियाची कळी लांबट अंड्याच्या आकाराची असते. वरच्या टोकाकडे निमुळती होते आणि अंगावर कंगोरे जाणवतात. बोटांत हलकेच फिरवली की पाच बाजू लक्षात येतात. प्रोसेराची कळी जवळजवळ गोल, वाटाण्यासारखी. फिरवली तरी कंगोरा फारसा लागत नाही.

हा फरक कळी शेजारी शेजारी ठेवल्यावर चटकन पटतो, पण एकटी कळी हातात असताना मन फसवते. म्हणून पट्टी लावा. लांबी आणि रुंदी दोन्ही मोजा. लांबी रुंदीपेक्षा स्पष्टपणे जास्त भरली तर जायगँशियाकडे झुकते. दोन्ही जवळजवळ सारख्या निघाल्या तर प्रोसेराकडे. निदान तीन कळ्या मोजून वहीत लिहा.

नेहमीची चूक: किडीने आतून पोखरलेली कळी फुगून गोल होते. कळीवर बारीक भोक किंवा काळा डाग दिसला तर ती सोडून द्या.

## टप्पा 3: पाकळ्या बाजूने बघा

ही पायरी बहुतेकांची चुकते, कारण सगळे फूल वरून बघतात. वरून घेतलेल्या फोटोत दोन्ही जातींचे फूल पाच टोकांच्या चांदणीसारखे दिसते. पाकळ्या उभ्या आहेत की पसरल्या आहेत, हे वरून कळतच नाही.

गुच्छासमोर खाली बसा. डोळे फुलाच्या पातळीला आणा. आता बघा.

जायगँशियाच्या पाकळ्या पूर्ण उमलल्यावर आडव्या पसरतात, कित्येकदा मागे देठाच्या दिशेने वळतात आणि त्यांच्यात किंचित पीळही दिसतो. त्यामुळे मधला जाड खांब एकटा, उघडा, चबुतऱ्यावर उभा केल्यासारखा दिसतो. बाजूने पाहताना पाकळ्या त्या खांबाच्या आड येत नाहीत.

प्रोसेराच्या पाकळ्या उमलल्यावरही वरच्या दिशेने उभ्या राहतात. फूल वाटीसारखे किंवा पेल्यासारखे दिसते आणि मधला खांब त्या पेल्यात बसलेला असतो. बाजूने पाहिले तर आधी पाकळ्यांची बाहेरची, पांढरट-हिरवट बाजू दिसते, खांबाचा फक्त वरचा भाग डोकावतो.

फूल किती मोठे, हेही याच वेळी मोजा. जायगँशियाचे पसरलेले फूल टोकापासून टोकापर्यंत साधारण 3 ते 4 सेंमी भरते. प्रोसेराचे फूल लहान असते, वाटीचे तोंड साधारण 2 ते 2.5 सेंमी. मोजमाप एकाच फुलावर थांबवू नका, गुच्छातले पहिले फूल मोठे आणि शेवटचे लहान असू शकते.

आता रंग. प्रोसेराच्या पाकळ्या आतून खाली पांढऱ्या आणि टोकाला गडद जांभळ्या असतात. प्रत्येक पाकळीचे टोक जांभळ्या शाईत बुडवून काढावे तसे. जायगँशियात रंग पाकळीभर जवळजवळ सारखा पसरलेला असतो: फिकट जांभळा, किंवा हिरवट झाक असलेला पांढरा. टोकापुरता जांभळा दिसला तर लिहून ठेवा, मोलाची खूण आहे. पण क्रम लक्षात ठेवा: पाकळ्यांची ठेवण आधी, रंग नंतर.

नेहमीची चूक: नुकते उमलू लागलेले जायगँशियाचे फूल. त्या काही तासांत तिच्याही पाकळ्या उभ्या असतात आणि पाहणारा खुशाल प्रोसेरा लिहितो. कोमेजणाऱ्या फुलाचेही तेच. पाकळ्या मऊ पडून कशाही वाकतात. म्हणून एका फुलावर न थांबता वेगवेगळ्या गुच्छांतली पाच पूर्ण उमललेली, ताजी फुले बघा. पाचही एकच सांगत असतील तर लिहा.

तपासा: बाजूने घेतलेला निदान एक फोटो फोनमध्ये आहे ना? फुलाच्या मागे गडद कागद धरा, नाहीतर फोन मागचे झुडूप टिपतो आणि फूल धूसर राहते. पडद्यावर फुलाला बोट लावून उजेड थोडा कमी करा.

## टप्पा 4: मुकुट बघा

निर्णय इथे होतो. पाकळ्या वाऱ्याने, उन्हाने, वयाने वागणूक बदलतात. मुकुट तसा बदलत नाही.

फुलाच्या मधोमध जो जाड खांब आहे, त्याच्या माथ्यावर पाच कोनांची सपाट तबकडी असते. या खांबाला बाहेरून पाच मांसल पाळ्या चिकटलेल्या असतात. या पाच पाळ्या मिळून जो भाग होतो, त्याला आपण मुकुट म्हणू. प्रत्येक पाळी बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते आणि तिच्या तळाशी वर वळलेला आकडा असतो, हत्तीने सोंडेचे टोक उचलावे तसा. हा आकडा दोन्ही जातींत असतो, त्यामुळे तो सापडला म्हणून हरखून जाऊ नका. बघायचे आहे पाळीचे वरचे टोक.

आता कृती:

1. पूर्ण उमललेले एक फूल देठासकट खुडा. खुडल्या जागी टिपकागद दाबून धरा, चीक थांबेपर्यंत. साधारण अर्धा मिनिट लागतो. घाई केलीत तर सगळा मुकुट चिकाने माखतो आणि काही दिसत नाही.
2. फूल काळ्या कागदावर ठेवा. चिमट्याने एक एक पाकळी बुडाशी धरून बाहेरच्या बाजूला वाकवा. तुटली तरी चालेल. मधल्या खांबाला चिमटा लावू नका.
3. पाकळ्या दूर झाल्यावर फूल आडवे करा, म्हणजे खांब तुम्हाला बाजूने दिसेल. भिंग डोळ्याजवळ धरा आणि फूल भिंगाजवळ आणा. भिंग फुलाजवळ नेऊन डोळा लांब ठेवणे ही नव्या माणसाची हमखास चूक. डोळा आणि भिंग एकत्र, फूल पुढे-मागे.
4. समोरच्या पाळीच्या माथ्याची पातळी आणि तबकडीची पातळी यांची तुलना करा. जायगँशियात पाळी तबकडीच्या खालीच संपते, तबकडी वर उठून राहते. प्रोसेरात पाळी तबकडीच्या बरोबरीला येते किंवा किंचित वर जाते.
5. आता पाळीच्या माथ्याच्या जरा खाली, दोन्ही बाजूंना बघा. जायगँशियात तिथे दोन बोथट कान असतात. टोपीखाली कानाच्या पाळ्या बाहेर याव्यात तसे दोन लहान उंचवटे. प्रोसेरात हे कान नसतात, पाळी कानांशिवायच वर जाते.
6. कान नीट दिसत नसतील तर ब्लेडने एक पाळी खांबापासून अलगद सोडवा. ब्लेड खांबाच्या अंगाला समांतर, वरून खाली. सुटलेली पाळी काळ्या कागदावर सपाट ठेवून बघा.

पहिल्यांदा हे करताना एक पाळी नीट सोडवायला तीन-चार फुले खर्ची पडतात. तेवढी पडू द्या. एकदा दोन्ही कान भिंगाखाली स्वच्छ दिसले की पुढच्या वेळी फूल न फाडताही ते ओळखू येतात.

तबकडीच्या कोपऱ्यांवर पाच चकचकीत काळपट ठिपके दिसतील. सुईने त्यातला एक उचलला की त्याला लटकलेल्या दोन पिवळ्या पिशव्या बाहेर येतात. त्या परागांच्या पिशव्या. मोठा भुंगा फुलावर बसला की त्याच्या पायात अडकून त्या दुसऱ्या फुलावर जातात. बघायला जरूर बघा, मलाही त्या उचलून पाहिल्याशिवाय राहवत नाही. पण जात ठरवायला त्यांचा उपयोग नाही.

नेहमीची चूक: तळाचा आकडा आणि माथ्याखालचे कान यांची गल्लत. आकडा खाली असतो आणि एकच असतो. कान वर असतात आणि दोन असतात. चित्र काढताना पाळी आधी उभी काढा, मग खाली आकडा, मग वर कान. वहीतले हे साधे चित्र फोटोपेक्षा जास्त कामी येते.

इशारा: या टप्प्यात बोटांना चीक लागलेलाच असतो. हात साबणाने धुतल्याशिवाय चष्मा, फोन, डोळा, तोंड कशालाही हात लावू नका.

## टप्पा 5: पान, फक्त पुराव्याला जोड म्हणून

दोन्ही जातींची पाने समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, तळाशी हृदयाकृती खाच असलेली आणि जाड. जायगँशियाच्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरी कापसासारखी लव बरीच टिकून असते. अंगठ्याने घासली की पावडरीसारखी निघते आणि खाली हिरवा पट्टा दिसतो. प्रोसेराचे कोवळे पान लवदार असते, पण वाढलेले पान बरेचसे गुळगुळीत होते. तिचे पान बहुधा जास्त रुंद, कधी गोलाकडे झुकणारे, आणि टोकाला एकदम काढलेले छोटे नाक.

इतकेच. पानाची लांबी-रुंदी मोजून जात ठरवणारे तक्ते बाजूला ठेवा. पाणी मिळालेल्या एकाच झाडावर तळहाताएवढे आणि दुप्पट मोठे, दोन्ही पाने सापडतात. धुळीच्या रस्त्यावर तर सगळीच पाने लवदार वाटतात. आधी पान धुवा, मग बघा.

पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती बहुधा बिबळ्या कडव्या फुलपाखराची असते. ती दोन्ही जातींवर वाढते. पिवळा मावा आणि रंगीत नाकतोडाही दोन्हींवर येतात. किड्यावरून झाड ओळखता येणार नाही. उलट ज्या फांदीवर अळ्या आहेत ती तोडू नका, दुसरी घ्या.

## टप्पा 6: फळ मिळाले तर

जायगँशियाचे फळ एका बाजूला फुगलेल्या होडीसारखे, टोकाकडे वाकलेले. प्रोसेराचे फळ जास्त फुगीर, स्पंजासारखे हलके, लहान कच्च्या आंब्याची आठवण करून देणारे. दोन्हींत फळे जोडीने यायला हवीत, पण बऱ्याचदा जोडीतले एकच वाढते. त्यामुळे ‘एकेकटे की जोडीने’ यावरून काही ठरवू नका.

अर्धवट वाढलेल्या फळावरून निर्णय देऊ नका. कच्चे फळ कापायची गरज नाही, त्यात चीक सगळ्यांत जास्त असतो.

## टप्पा 7: पुरावा जुळवा

आता वही उघडा आणि याच क्रमाने बघा:

1. मुकुटाला कान आहेत आणि पाळी तबकडीच्या खाली राहते, शिवाय पाकळ्या पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या: जायगँशिया. फूल जांभळे असो वा पांढरे.
2. कान नाहीत, पाळी तबकडीच्या बरोबरीला किंवा वर, शिवाय पाकळ्या उभ्या: प्रोसेरा. कळी गोल आणि पाकळ्यांची टोके जांभळी असली तर शंकाच नको.
3. मुकुट एक सांगतो आणि पाकळ्या दुसरे: फुलाचे वय तपासा. बहुतेक वेळा तुम्ही अर्धे उमललेले किंवा कोमेजलेले फूल घेतलेले असते. त्याच झाडाची ताजी फुले घेऊन टप्पा 3 आणि 4 पुन्हा करा.
4. तरीही जुळत नाही: ‘कॅलोट्रॉपिस, जात ठरली नाही’ असे लिहा आणि झाडाची जागा नोंदवून पुन्हा जा. अशी नोंद उपयोगी असते. चुकीच्या नावाची नोंद मात्र पुढच्या दहा जणांना चुकवते.

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकत असाल तर पाच फोटो द्या: पूर्ण झाड, बाजूने फूल, पाकळ्या वाकवून मुकुट, वाढलेली कळी, आणि पानाची खालची बाजू. एकच, तोही वरून घेतलेला फोटो टाकून ‘जात कोणती?’ विचारले तर अनुभवी माणूसही अंदाजच सांगणार.

## नमुना दाबून ठेवताना

कोरडा नमुना करणाऱ्यांसाठी ही पायरी स्वतंत्र लिहितो आहे, कारण इथे मी स्वतः चुकलो होतो. सुरुवातीच्या काळात पुण्याबाहेरच्या माळावरून आणलेली प्रोसेरा मी गुच्छासकट तशीच कागदात दाबली आणि लेबल नंतर लिहायचे ठरवले. आठवड्याने कागद उघडला तर सगळ्या पाकळ्या दाबाने आडव्या झालेल्या, जांभळी टोके तपकिरी पडलेली, आणि मुकुट चिकाच्या पापुद्र्याखाली. मी लेबलावर जायगँशिया लिहिले. चूक लक्षात आली ती पुढच्या हंगामात, त्याच झाडापाशी पुन्हा बसलो तेव्हा.

म्हणून:

- दाबण्याआधी, झाडापाशीच लिहा: पाकळ्या उभ्या की पसरलेल्या, रंग कुठे, कळीची लांबी-रुंदी, पाळी आणि तबकडीची पातळी, कान आहेत की नाहीत. दाबल्यावर यातले बरेच काही नाहीसे होते.
- कापलेल्या देठाचा चीक पूर्ण टिपल्याशिवाय कागदात ठेवू नका. पहिल्या दिवशी कागद दोनदा बदला, नाहीतर पान कागदाला चिकटून बुरशी धरते.
- दोन-तीन फुले वेगळी, पाकळ्या काढून, फक्त मुकुटासकट दाबा. एका कागदी पाकिटात मुकुटाच्या सुट्या पाळ्या ठेवा आणि पाकीट नमुन्यालाच जोडा.
- जाड देठ आणि फळ उभे चिरून पातळ करा, तरच वाळतात. चिरताना गॉगल लावा.

## फुले नसतील तेव्हा

पावसाळ्यात किंवा रस्तारुंदीकरणात छाटलेल्या झुडपाला फूल नसते आणि प्रकल्प उद्या द्यायचा असतो, असे प्रश्न बरेच येतात. अशा झाडाची जात पानावरून छातीठोकपणे सांगू नका. खाली पडलेली जुनी फुले शोधा. त्यातल्या वाळलेल्या फुलाचा मुकुट अर्धा तास कोमट पाण्यात भिजवला की पाळ्या बऱ्याच फुगून येतात आणि कान आहेत की नाहीत हे भिंगाखाली कळू शकते. तेही नसेल तर फांदीला सुताची गाठ मारून खूण करा, वहीत जागा लिहा आणि छाटणीनंतर नवी फूट येऊन कळ्या धरल्या की परत या.